आमची वाटचाल: रोशा, काटा आणि कांद्याचं वावर

माझं माहेर पिंपळनेरजवळचं, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. पावसाळा सरला की आजी आम्हा नातवंडांना घेऊन डोंगराच्या कडेला जायची. एका ठिकाणी थांबून उंच गवताचं एक पातं बोटांत चोळायची आणि आमच्या नाकाशी धरायची. "हाऊ रोशा शे," एवढंच म्हणायची. गुलाबासारखा वास, पण गुलाबापेक्षा कोरडा, उन्हात वाळलेला. तिच्या सासऱ्यांची नाल्याकाठी रोशाचं तेल काढायची भट्टी होती. तांब्याचा हंडा, वर लाकडी झाकण, त्यातून निघालेली बांबूची पोकळ नळी आणि थंड पाण्यात बुडवलेलं भांडं. भट्टी मी पाहिलेली नाही. तो हंडा मात्र आमच्या माळ्यावर होता, आणि कितीही घासला तरी पावसाळ्यात त्याला तो वास यायचाच.

खानदेशाबाहेरच्या माणसांना हे नवल वाटतं म्हणून सांगते. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची नोंद आहे. पिंपळनेर आणि नंदुरबार ही त्याची जुनी ठिकाणं. संधिवातावर चोळायचं तेल म्हणून त्याचं नाव होतं. इथून ते मुंबईला जायचं आणि मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, म्हणून युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम म्हणायचे. गवत आमच्या सातपुड्याचं आणि सह्याद्रीच्या उताराचं, नाव मात्र तुर्कस्तानचं. आमच्या सुगंधी तेलांच्या धंद्याची पहिली ठिणगी या रागातून पडली असं मी मानते.

2013 मध्ये उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या सुगंध आणि सुरस विकास केंद्रात मी छोटं प्रशिक्षण घेतलं. घरात कोणी अडवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जा, पण येताना गुलाबपाणी आण. परत आल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काम सुरू झालं. सुगंधी तेलं विकत आणायची, करडईच्या किंवा तिळाच्या घाण्याच्या तेलात मिसळायची, बाटल्या भरायच्या आणि बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की चांगला खप व्हायचा. डोक्याला लावायचं तेल, पायांना चोळायचं तेल, डासांसाठी हातापायाला लावायचं तेल.

शेंगदाण्याचं तेल आमच्याकडे घरोघरी, तेव्हा तेच का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. एक तर त्याचा स्वतःचा वास पुढे पुढे करतो. दुसरं कारण मोठं आहे. काही लोकांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून आमच्या एकाही बाटलीत ते नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आमचा धंदा बदलला ती सांगते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी डासांच्या तेलात लिंबाचं तेल वाढवलं. वास ताजा यायचा, बायांना आवडायचा. ते तेल सालं थंड दाबून काढलेलं होतं. जाऊबाईंनी सकाळी दोन्ही हातांना, मानेला भरपूर चोळलं आणि कांदे काढायला वावरात गेल्या. एप्रिलचं ऊन, डोक्याला रुमाल, हात उघडे. दुसऱ्या दिवशी हात लाल झाले, तिसऱ्या दिवशी फोड आले, आणि फोड बसल्यावर काळपट पट्टे उरले. तेल जसं ओघळलं होतं अगदी तसे, कोपरापासून मनगटापर्यंत. बोटांचे ठसेसुद्धा ओळखू यायचे. ते डाग जायला पाच महिने लागले. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, उलट शेजारणींना सांगत राहिल्या की मिरचीचं काहीतरी लागलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं. थंड दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि बर्गामॉटच्या तेलात फुरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन पडलं की त्वचा भाजते. सावलीत तेच तेल काही करत नाही. म्हणजे तेलात भेसळ नव्हती, लावणारीचीही चूक नव्हती. चूक बनवणारीची होती. ऊन कुठे आणि किती पडतं हे खानदेशात राहून मी विसरले होते.

त्या वेळी चौतीस बाटल्या विकल्या गेलेल्या होत्या. वहीत प्रत्येकीचं नाव होतं, म्हणून घरोघर जाऊन एकोणतीस परत आणता आल्या, पैसे दिले. उरलेल्या पाच वापरून संपल्या होत्या. त्या पाचही घरी मी जाऊन हात पाहून आले.

तेव्हापासून आम्ही थेंब मोजणं सोडलं. थेंबाचा हिशोब पुस्तकात सोपा असतो, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात. पण पातळ लिंबाचा थेंब वेगळा, घट्ट वाळ्याचा वेगळा, आणि ड्रॉपर बदलला की दोन्ही वेगळे. आता आमच्या धुळ्याच्या गाळ्यात एक छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. त्यावर काचेचं भांडं ठेवायचं, शून्य करायचं, आधी सुगंधी तेल आणि मग वरून साधं तेल ओतायचं. शंभर ग्रॅम मालिशच्या तेलात सुगंधी तेल सगळं मिळून दोन ग्रॅम, बाकी अठ्ठ्याण्णव ग्रॅम करडई. चेहऱ्यासाठी एक टक्का, बऱ्याचदा त्याच्याही निम्मं. गवती चहा आणि लवंग ही तेलं तिखट, ती अर्ध्या टक्क्याच्या वर आम्ही नेतच नाही. काट्यावरचा शेवटचा आकडा हलायचा थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नवीन मुलींना पहिल्या दिवशी तो विचित्र वाटतो, आठवड्यात त्याच एकमेकींना गप्प करतात.

घरी कोणी स्वतःसाठी मिश्रण करत असेल तर त्यांनाही मी हेच सांगते. तीस मिलिलिटर तेलाला दोन टक्के म्हणजे बारा थेंब होतात. तेवढेच. पहिल्यांदा ऐकणारीचा चेहरा पडतो. "इतलंच?" असं एका मावशींनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, मावशी, शंभर किलो हिरवा रोशा उकळला की जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. तुमच्या बारा थेंबांत शंभर ग्रॅमच्या वर गवत आहे. मग त्यांनी बाटलीकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

माझ्या हातांचंही सांगायला हवं. पहिली तीन वर्षं मी हातमोजे न घालता काम केलं. गवती चहाच्या तेलातलं सिट्राल हळूहळू त्वचेला चिडवत गेलं आणि एके दिवशी बोटांच्या पेरांवर इसब उठला. अशी ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची असते. आज ती बाटली उघडायची झाली तर गाळ्यातली दुसरी कोणी उघडते. आता नायट्राइलचे मोजे सगळ्यांना सक्तीचे आहेत, खिडक्या उघड्या, पंखा बाहेर हवा फेकणारा. नवं मिश्रण आलं की कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहायची, हे गिऱ्हाइकालाही सांगतो आणि स्वतःही करतो.

खानदेशच्या उन्हाशी आमचं दुसरं भांडण बाटल्यांवरून झालं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, टेम्पोच्या बंद डब्यात त्याहून जास्त. सुरुवातीला आम्ही रबरी फुग्याचे ड्रॉपर लावून बाटल्या पाठवायचो, दिसायला छान म्हणून. सुगंधी तेलाची वाफ रबर खाते. भुसावळच्या एका गिऱ्हाइकानं फोटो पाठवला, फुगा विरघळून चिकट झालेला आणि त्याचा काळा गाळ तेलात उतरलेला. तेव्हापासून ड्रॉपर बंद. आता तपकिरी काचेची बाटली, आत थेंब थेंब सोडणारं प्लास्टिकचं बूच आणि वर मुलांना सहज न उघडणारं झाकण. लिंबू, टी ट्री यांसारखी तेलं उष्णतेनं आणि हवेनं बिघडतात आणि बिघडलेलं तेल ताज्यापेक्षा त्वचेला जास्त त्रास देतं. म्हणून बाटलीवर भरल्याची तारीख असते आणि उघडल्यावर किती महिन्यांत संपवायचं तेही.

कच्चा माल घेताना मी अजूनही टीपकागद काढते. एक थेंब टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. चोख तेल उडून जातं. चिकट डाग उरला तर त्यात खायचं तेल मिसळलं आहे. वाळ्यासारखी जड तेलं उडायला वेळ लागतो, तिथे थोडा धीर धरावा लागतो. टर्पेंटाइनची भेसळ मात्र कागदाला कळत नाही, कारण तेही उडतं. त्यासाठी प्रत्येक लॉटचा जीसी-एमएस अहवाल मागवतो, म्हणजे तेलात कोणतं द्रव्य किती आहे हे सांगणारी प्रयोगशाळेची तपासणी. रोशात जिरेनिऑल, म्हणजे तो गुलाबी वास देणारं द्रव्य, साधारण सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांमध्ये असावं. आकडा त्याबाहेर गेला की माल परत.

2021 चा एप्रिल आठवला की अजून पोटात खड्डा पडतो. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे संदेश गावोगाव फिरत होते. दिवसाला पन्नास-साठ फोन यायचे. काही दुकानदार म्हणाले, ताई, बाटलीवर ऑक्सिजनचं तेवढं नाव छापा, हजार बाटल्या आजच उचलतो. नाक मोकळं वाटणं वेगळं आणि रक्तातला ऑक्सिजन वाढणं वेगळं. मी नाही छापलं. त्या महिन्यात आमची विक्री निम्म्यावर आली, दोन मुलींचा पगार मी बांगडी गहाण ठेवून दिला. फोन करणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगितलं, ऑक्सिमीटर लावा, आकडा कमी असेल तर दवाखान्यात न्या, तेलाच्या भरवशावर घरी बसू नका. त्यातल्या दोघांनी नंतर पेढे आणून दिले. पेढ्यांहून त्यांना चालत आलेलं पाहणं मोठं होतं.

त्याच दिवसांत कळलं की लोक निलगिरी आणि कापूर लहान मुलांच्या नाकाखाली चोळतात, कोणी मधातून चाटवतातसुद्धा. हे फार धोक्याचं आहे. कापूर किंवा निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. दोन वर्षांखालच्या बाळासाठी आमच्याकडे काहीही नाही, आणि मोठ्यांनाही आम्ही तेल प्यायला सांगत नाही. चुकून पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, कारण तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली हातात घ्यायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाणी आणि डॉक्टर. गरोदर बाई, दम्याचा माणूस, फिट येणारा माणूस यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गंधपुऱ्याचं तेल, म्हणजे सांधेदुखीच्या मलमाचा तो ओळखीचा वास, जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातलं द्रव्य असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा ॲस्पिरिन सोसत नसेल त्यांनी ते लावू नये. आमच्या सांधेदुखीच्या बाटलीतून मी ते काढूनच टाकलं. दोन दुकानं यावरून तुटली, जोर कमी झाला म्हणाली.

परवान्याबद्दल थोडक्यात. अंगाला लावायचं तेल विकायचं तर सौंदर्यप्रसाधन बनवण्याचा परवाना लागतो, आता तो 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली मिळतो. घरच्या ओट्यावर तो मिळत नाही, म्हणून धुळ्यात गाळा भाड्यानं घेतला. कागदपत्रांत वर्ष गेलं. पण जागा तपासायला आलेल्यांनी विचारलेले प्रश्न आधी कोणी विचारले असते तर जाऊबाईंचे हात वाचले असते, असं मला आजही वाटतं. परवान्यानंतर नवीन बायांचा विश्वास बसायला फार वेळ लागला नाही.

रोशा आता परत येतो आहे. साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरी वस्त्यांतल्या काही कोकणा आणि भिल्ल कुटुंबांकडून आम्ही गवत घेतो, बांधावर लावलेलंही आणि रानातलंही. कापणी फुलोरा आल्यावर. जुने भट्टीवाले पांढुरक्या कोवळ्या फुलोऱ्याच्या गवताला मोतिया म्हणायचे आणि पिकून लालसर झालेल्याला सोफिया. आज हे एकाच गवताचे दोन वेगळे वाण मानतात. वास उमगणारं माणूस मात्र डोळे मिटून दोन्ही ओळखतं. गवत मोजून घेणाऱ्या मामांना मी कधी काटा दाखवत नाही, ते पेंढी उचलून वजन सांगतात आणि अर्ध्या किलोचासुद्धा फरक निघत नाही.

डासांचं तेल बंद झालं ते झालंच होतं. पण कांदा काढणाऱ्या बाया दरवर्षी विचारायच्या, ते लिंबाच्या वासाचं कधी करणार? वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात ती उन्हात भाजणारी द्रव्यं येत नाहीत, ती जड असतात, खाली राहतात. दोन वर्षं आम्ही त्यावर काम केलं, अहवाल तपासून घेतले. या एप्रिलला मी म्हटलं, आधी माझ्या हातावर लावते. जाऊबाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली. दंडाच्या आत रुपयाएवढं लावून दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी डाव्या मनगटाला थोडं लावून, उजवं कोरडं ठेवून वावरात गेल्या. संध्याकाळी सहाला परत आल्या, मातीनं भरलेले दोन्ही हात नळाखाली धुतले, पदराला पुसले आणि माझ्यापुढे धरले. दोन्ही सारखेच सावळे होते. "वास ते भलता भारी शे," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.