आमची वाटचाल: एकच ॲप, दोनदा पैसे

२०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड आला, तेव्हा फोनचं ॲप त्यावर नुसतं ताणून दिसायचं. टॅबलेटसाठी वेगळी ‘एचडी’ आवृत्ती आणि तिचे वेगळे पैसे, ही तेव्हाची रीतच होती. आम्हीही तेच केलं. ३२० बाय ४८० ची मांडणी १०२४ बाय ७६८ वर न्यायची म्हणजे एकेक स्क्रीन नव्याने बसवायची. ते काम फुकटात होण्यासारखं नव्हतं, हे आजही ठामपणे सांगतो.

ग्राहकाला मात्र आयकॉन दिसतो. आयकॉन तोच, मग परत पैसे कशाचे? एका स्पर्धकाने फोन आणि टॅबलेट एकाच खरेदीत दिले आणि आमच्याकडे एका ताऱ्याचे शेरे साचू लागले. आमची दोन रकान्यांची मांडणी त्याने जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. विक्री इतकी बसली की कंपनी बंद करायची भाषा सुरू झाली.

पहिल्या आवृत्तीपासूनच्या एका ग्राहकाने तेव्हा मेल केला: ‘दोन्ही घेतली, किमतीची तक्रार नाही. पण फोनवरची नोंद टॅबवर येत नाही, मग दुसऱ्यांदा मी घेतलं काय?’ राग सिंक नसल्याचा होता.

सिंक केलं, ॲप एक केलं. पण वेगळ्या बंडल आयडीची (म्हणजे ॲपच्या स्टोअरमधल्या ओळख-नावाची) दोन ॲप्स ॲपलचं स्टोअर जोडून देत नाही. एक विक्रीतून काढावं लागतं आणि त्याची खरेदी दुसऱ्याकडे सरकत नाही. म्हणून एचडीच्या शेवटच्या अपडेटने सामायिक कीचेनमध्ये, म्हणजे आमच्या दोन्ही ॲप्सना वाचता येणाऱ्या उपकरणावरच्या सुरक्षित साठ्यात, पैसे भरल्याची एक खूण लिहिली, नव्या ॲपने ती वाचून कुलूप काढलं. जुनं ॲप अपडेट करून एकदा उघडायच्या आधीच ज्यांनी ते काढून टाकलं, ते अडकले. ‘अपडेट करून एकदा उघडा, मगच काढा’ ही सूचना आधी द्या, ठळक द्या. अशा खुणेसाठी ॲप ग्रुपच्या फोल्डरवर (एकाच कंपनीच्या ॲप्सच्या सामायिक फोल्डरवर) विसंबू नका. ग्रुपमधलं शेवटचं ॲप काढलं की तो फोल्डरही जातो.

पुढे ॲप मोफत करून आत खरेदी ठेवली. जुने ग्राहक स्टोअरच्या खरेदी-पावतीतल्या मूळ आवृत्तीवरून ओळखता येतात, पण आयओएसवर तिथे ग्राहकाला दिसणारा आवृत्ती क्रमांक नसून बिल्ड नंबर (अंतर्गत क्रमांक) असतो आणि सँडबॉक्समध्ये, म्हणजे खरेदीची चाचणी घेताना, कायम १.० दिसतं. तुलना चुकली तर पैसे भरलेल्यालाच कुलूप लागतं.

मॅकसाठी २०२० पासून एकत्र खरेदी देता येते, बंडल आयडी एक असेल तर. अँड्रॉइडवरची खरेदी गूगल खात्याला चिकटते, त्यामुळे त्याच खात्याच्या टॅबवर चालते. आयफोनला तिचा पत्ता नसतो. हे खरेदीच्या बटणाच्या वर लिहा, खाली नाही.