ग्रीन्सबर्ग, कॅन्सस: टोर्नेडोनंतरचं गाव

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातून यूएस ५४ महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की पावणेदोन तासांत ग्रीन्सबर्ग लागतं. गावात शिरताच नजरेत भरतात त्या नव्या घरांमधल्या ओसाड मोकळ्या जागा. २००० मध्ये इथे १,५७४ लोक राहत होते, २०२० मध्ये ७४०.

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास पावणेतीन किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो या गावावरून गेला आणि ९५ टक्के गाव जमीनदोस्त झालं. ईएफ-५ दर्जाचा, म्हणजे टोर्नेडोच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर सर्वांत वरचा. गावात ११ माणसं गेली. एवढ्या विध्वंसात बाकीचे वाचले, कारण डॉज सिटीच्या हवामान कार्यालयाने वेळेत इशारा दिला, भोंगे वाजले आणि लोक तळघरात उतरले.

एप्रिल ते जून या भागात फिरणार असाल तर तुम्ही कोणत्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आहात हे आधी पाहून ठेवा. रेडिओवरचे इशारे काउंटीच्या नावाने वाचले जातात. ग्रीन्सबर्ग किओवा काउंटीत येतं. इशारे दोन प्रकारचे. ‘वॉच’ म्हणजे टोर्नेडो होण्याजोगी हवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर फिरकी दिसली आहे किंवा कुणी तो डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा लगेच आसरा घ्यायचा. भोंगे घराबाहेरच्यांसाठी असतात. बंद खोलीत एसी चालू असेल तर ते ऐकू येतीलच असं नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे देणारा) उशाशी हवा. मोटेलमध्ये चावी घेतानाच तळघर कुठे आहे ते विचारा. ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, इमारतीच्या मधली, बिनखिडकीची खोली गाठायची. पुलाखाली मात्र कधीच थांबू नका: तिथल्या चिंचोळ्या जागेत वाऱ्याचा जोर वाढतो आणि उडणारे पत्रे, फळ्या अंगावर येतात. रात्री तर टोर्नेडो दिसतही नाही, विजेच्या लखलखाटात दिसला तरच.

गाव पुन्हा उभारताना इथल्या लोकांनी जो विचार केला, त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मोठ्या सरकारी इमारती पर्यावरणपूरक इमारतींच्या ‘लीड’ मानांकनातल्या सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम दर्जाच्याच बांधायच्या असा ठराव नगर परिषदेने केला. गावाजवळ १० पवनचक्क्या आहेत, क्षमता १२.५ मेगावॅट. ‘५.४.७’ हे कलाकेंद्र कॅन्सस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलं. नाव टोर्नेडोच्या तारखेवरून, अमेरिकेत महिना आधी लिहितात. भिंतींना जुन्या दारूगोळा कारखान्यातल्या फळ्या लावल्या आहेत, वरून काचेचं आवरण.

‘बिग वेल’ चुकवू नका. १८८७-८८ मध्ये हातांनी खणलेली ही विहीर ३३ मीटर खोल आहे. तिच्यावरच्या नव्या संग्रहालयात टोर्नेडोचा इतिहास मांडला आहे आणि तिथूनच जिना आत उतरतो.