दिवठणीवरची पायली

स्मरणिकेच्या संपादक मंडळातून फोन आला, "ब्रदर, शाळेनं केलेले संस्कार यावर दोन पानं पाठवा." हो म्हणालो आणि आठ दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलो. संस्कार म्हटलं की मला एक निनावी चिठ्ठी आठवते. ती मी लिहिली होती, सहावीत असताना, वसतिगृहाच्या मेट्रनबाईंविरुद्ध. बाईंपुढे मी ते पुढे कबूल केलं. शाळेपुढे करायचं राहून गेलं होतं.

प्रार्थनेच्या हॉलमध्ये व्यासपीठाच्या वर तेव्हा निळ्या रंगात एक वचन रंगवलेलं होतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातलं, दिवा लावून तो मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, ते. रोज सकाळी त्याच्याकडे बघत उभं राहायचं म्हटल्यावर डोक्यात भलतं येणारच. दिवठण आम्हा खेड्यातल्या पोरांना माहीत होती. अडायचं ते मापापाशी. माप म्हणजे पायली, अधोली, शेर. खळ्यावर धान्य मोजायचं भांडं. त्याखाली दिवा ठेवणारा शहाणा कोण असेल यावर आम्ही पुष्कळ वाद घातला आहे. एक म्हणायचा दिवा विझेल, दुसरा म्हणायचा पायली तापेल आणि पोळेल. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "अर्थ बघा रे, भांडं काय बघता!" पण आमचं लक्ष भांड्यातच. दिवस तसे होते.

मी नेवासे तालुक्यातला. आमची भावकी आजोबांच्या काळात ख्रिस्ती झाली, आणि "पोटासाठी बाटलेले" हे बिरुद गावानं तेव्हापासून आमच्या दारावर लावून ठेवलं. आपली शाळाही 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळातल्या पोरक्या मुलांना आसरा देता देता उभी राहिलेली. मी पाचवीत आलो 1971 च्या जूनमध्ये. पुढच्या वर्षी पावसानं पार दगा दिला. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला त्याचं वर्णन सांगावं लागत नाही, आणि न पाहिलेल्याला सांगून कळत नाही. आई-वडील सरकारी कामावर खडी फोडायला. तिथं सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची, खाताना भुगा व्हायची, आणि तरी कुणी भुगासुद्धा टाकत नसे.

त्या वर्षी वसतिगृहात 84 मुलं होती. एरवी बहुतेक मिशनच्या घरची, पण दुष्काळामुळे बाहेरचीही बरीच घेतली होती. माझ्या शेजारच्या वळकटीवर वारकऱ्याच्या घरातला एक मुलगा होता, गळ्यात तुळशीची माळ. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला म्हणालं, इथं हे चालत नाही. बाईंनी ऐकलं. "माळ राहू दे, नखं काप," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

बाई तशा कुणाच्या लाडक्या नव्हत्या. पांढरं लुगडं, कमरेला कोठीच्या किल्ल्या, आवाज कोरडा. मुलं त्यांना अधोलीबाई म्हणायची. कागदोपत्री किलो आलेला होता, पण कोठीत राज्य पायलीचंच. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. संध्याकाळी बाई कंदील घेऊन कोठीत जायच्या, पायली भरायच्या आणि लाकडी पट्टीनं वरची रास सपाट कापायच्या. आमच्या गावाकडे माप म्हणजे शीग लावून भरायचं. सपाट माप हे चिकटपणाचं लक्षण. त्यात जानेवारीपासून रोजच्या नऊ पायल्यांच्या सात झाल्या. पानात दोन भाकरींच्या जागी दीड आली आणि आमच्या न्यायबुद्धीला जाग आली.

माळकरी मित्राचं आणि माझं ठरलं. मजकूर त्याचा, अक्षर माझं. त्याच्या कानावर कीर्तनं पडलेली असल्यामुळे त्याला शब्द लवकर सुचायचे. "बाई मापात पाप करतात. पायलीमागे मूठभर धान्य कुठे जाते याची चौकशी व्हावी." वहीचं मधलं पान फाडून, अक्षर मुद्दाम उलटं वळवून, मी ते मोठ्या सरांच्या दाराखालून आत सरकवलं. मागाहून भक्तीला बसलो आणि भजनही मोठ्यानं म्हटलं. आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर व्हायची. माळकऱ्याला ती चाल घरची वाटायची, तो तर रंगूनच गेला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठे सर आणि पाळकसाहेब कोठीपाशी आले. आम्हाला वाटलं आत जाऊन दार लावतील. बाईंनी कंदील बाहेर आणला आणि म्हणाल्या, "मुलांसमोर मोजू या." पोती बाहेर ओढली. एकेक पायली भरून, पट्टी फिरवून, मोठ्यानं आकडा म्हणत त्यांनी सगळं धान्य परत मोजलं. पाळकसाहेब वहीत बघत होते. बराच वेळ लागला, मुलं पेंगायला लागली. शेवटी धान्य वहीपेक्षा दीड पायली जास्त भरलं. मोठे सर बघतच राहिले. बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथं वेगळा हिशोब होता, "पोती झाडून मिळालेले". दीड पायली.

त्या सात पायल्यांचं गणितही त्याच वहीत होतं. महिन्याचं धान्य एकदाच यायचं, मुलं वाढलेली, पुढची गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. नऊनं मोजलं असतं तर महिना तेविसाव्या दिवशीच संपला असता. पट्टी त्या सात दिवसांसाठी फिरत होती.

मला वाटलं, आता भक्तीच्या वेळी खोट्या साक्षीवर प्रवचन होणार. झालं नाही. नेमून दिलेला उतारा होता तो बाईंनी वाचला, प्रार्थना केली, कंदील बारीक केला. दुसऱ्या दिवशी सात पायल्या, सपाट. चिठ्ठी कुणाची याचा शोध त्यांनी घेतला नाही, निदान मला तसं दिसलं नाही.

पुढची वर्षं भरभर सांगतो, कारण त्यात माझ्याखेरीज कुणाला रस असण्याचं कारण नाही. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला काढलेल्या मिशन हॉस्पिटलात मी नर्सिंग शिकलो आणि नंतर दुसऱ्या एका रुग्णालयात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून लागलो. ऐन तारुण्यात माझा विश्वास फार बोलका होता. स्टेशनवर पत्रकं वाटायचो, स्कूटरच्या पुढच्या काचेवर वचन चिकटवलेलं. वॉर्डातली एक सिस्टर एकदा म्हणाली, "ब्रदर, काचेवर काय लिहिलंय ते वाचायचं फार मनात आहे, पण तुम्ही सिग्नलला थांबतच नाही." मला राग आला होता. आज वाटतं, इतकं नेमकं परीक्षण माझ्या कुठल्या पाळकानंही केलं नाही.

पत्रकांना मी नावं ठेवत नाही, त्यातून कुणाला काही मिळालंही असेल. पण एक पेच मला बरीच वर्षं सुटत नव्हता. पाचव्या अध्यायात सांगितलं आहे की तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, त्यांना तुमची सत्कर्मं दिसू देत. पान उलटलं की सहाव्यात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. येशूनं एकाच डोंगरावर, एकाच बैठकीत सांगितलेल्या या दोन गोष्टी. लोकांना दाखवायचं की लपवायचं? संडे स्कूलमध्ये मी मुलांना यावर जे उत्तर द्यायचो ते मला स्वतःलाच पटत नसे.

मग एका रात्री, तीनच्या सुमारास, पेथिडिनचं, म्हणजे नशा आणणाऱ्या वेदनाशामकाचं, एक अँप्युल माझ्या हातून निसटून फुटलं. बाहेरच्या लोकांना कल्पना नसते, म्हणून सांगतो. ही औषधं कुलपात असतात, किल्ली ड्युटीवरच्या माणसाकडे, आणि पाळी बदलताना दोघांनी मिळून एकेक नग मोजून सही करायची. वापरलेल्याची रिकामी काचसुद्धा जपायची. माझं अँप्युल फरशीवर पडून चुरा झालं. साक्षीदार कुणी नाही. समोरच्या खाटेवर ऑपरेशन झालेला पेशंट होता, त्याला वेदना होतीच, त्याच्या नावावर एक इंजेक्शन लिहिलं असतं तर सकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथं. पेनाचं टोपण मी काढलंही होतं.

मी "हातून पडून फुटले" असं लिहिलं, वेळ टाकली, काचेचे तुकडे पाकिटात भरून जोडले. सकाळी मेमो मिळाला. पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे किल्ली नव्हती. लोक माझ्या बाहीकडे बघत, सुईच्या खुणा आहेत का म्हणून. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, तेच जास्त जड होतं. त्या पंधरा दिवसांत मला काय आठवलं असेल ते सांगायला नको. पोती बाहेर ओढणाऱ्या बाई, आणि पेंगत बसलेली 84 पोरं, त्यातला एक मी. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या रात्री मोजताना त्यांचा आवाज एकदाही का चढला नव्हता. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं. त्या अध्यायांचा पेच मला त्या पंधरवड्यात जितका सुटला तितकाच सुटला आहे.

किल्ली परत मिळाली त्या महिन्यात रजा काढून मी केडगावला गेलो. बाई निवृत्तीनंतर मुक्ती मिशनात परतल्या होत्या, तिथंच त्या वाढलेल्या. 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली आणल्या त्यांत त्यांची आई होती, हे मला त्या दिवशी कळलं. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडीलही दुष्काळाच्याच हालअपेष्टांत गेले. आई बाईंना सांगायची, पहिल्या दिवशी शीग लावून वाढणाऱ्याकडे दहाव्या दिवशी काही उरत नाही, आणि मूल मरतं ते दहाव्या दिवशी. हे बाई शेंगा सोलत सांगत होत्या, बाजारभाव सांगावा तसं.

माळकऱ्याची बातमी मी त्यांना दिली. तो तालुक्याच्या गावी रेशन दुकान चालवत होता. अजून चालवतो, मुलगा आता हाताशी आला आहे. वारी चुकवत नाही, माळ तीच, चर्चची पायरी कधी चढलेला नाही. पूर्वी तराजूपाशी लाकडी पट्टी ठेवायचा, आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे तर रिकामं भांडं ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो, "आधी शून्य बघा, मावशी." रेशन दुकानदाराची गावात काय ख्याती असते ते आपण जाणतो. याच्या दुकानाची चौकशी दोनदा झाली, दोन्ही वेळा निनावी अर्जावरून. मी हसलो तर तो म्हणाला, "हसतोस काय, मीच मजकूर शिकवलेला कुणीतरी असेल."

बाईंनी हे ऐकलं आणि शेंगांची टरफलं सुपात एका बाजूला केली. मी धीर करून म्हणालो, "बाई, ती चिठ्ठी आम्ही दोघांनी लिहिली होती. अक्षर माझं होतं."

"ठाऊक आहे."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. अक्षर उलटं काढलंस, पण पायलीची ली ऱ्हस्व लिहिलीस. वर्गात एकटा तूच तशी लिहायचास." त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातात दिले. ओंजळ भरली तशी बोटानं वरचे चार काढून परत सुपात टाकले. "दीर्घ असते रे ती. अजून चुकतोस का?"