मेंटेनन्सच्या नोकरीतून एनर्जी ऑडिटकडे : आमची वाटचाल

भांडुपच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स सांभाळत होते. कॉम्प्रेसर, पंप, कूलिंग टॉवर, पॅनेल, सगळं चालू राहिलं पाहिजे, एवढंच काम. लाइन बंद पडली की दहा जण विचारायला यायचे. वीज किती जाते हे कधी कुणी विचारलं नाही. बिल थेट अकाउंट्सकडे जायचं आणि भरलं जायचं. कारखाना मुंबईबाहेर हलवायचं ठरलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि मुलगी दहावीला होती. पुन्हा तशीच नोकरी शोधण्यापेक्षा, कुणी न विचारलेल्या त्या प्रश्नावरच पोट भरायचं ठरवलं : एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते मोजून सांगायचं काम.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्यातून 2002 मध्ये बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झाला. प्रमाणित एनर्जी ऑडिटर व्हायचं तर त्याची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. चार पेपर. इलेक्ट्रिकलचा रोजच्या कामातलाच होता. बॉयलर, भट्टी, वाफ यांचा मात्र रात्री बसून पहिल्यापासून शिकले. सोबतीला आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका आले. दोघांनी सुरू केलेल्या या छोट्या फर्ममध्ये ते आजही आहेत.

पहिलं काम मिळालं दादरच्या एका सात मजली सोसायटीचं. तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बघायचा होता. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पंप मस्त चालतोय, मागच्याच वर्षी रिवाइंडिंग केलंय." आम्ही वरच्या टाकीत टेप सोडून पातळी किती वेळात किती चढते ते मोजलं. तासाला 12 घनमीटर पाणी, पाइपातलं घर्षण धरून 35 मीटर उंची. दोन्हींचा गुणाकार करून 367 ने भागलं की पाण्याला प्रत्यक्ष लागणारी शक्ती मिळते : सव्वा किलोवॉटसुद्धा नाही. मीटरवर पंप खात होता 4 किलोवॉट. योग्य मापाचा चांगला पंप हेच काम अडीचच्या आत करतो. पंप चालतोय म्हणजे ठीक आहे, ही समजूत मुंबईतल्या किती सोसायट्यांचे पैसे दर महिन्याला घालवते!

पण माझा जीव रमतो तो कारखान्यांत. मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये आम्ही रविवारी जातो. सगळी मशिनं बंद, फक्त हवा दाबून लाइनमध्ये भरणारा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. हवा कुणीच वापरत नाही, तरी तो 40 सेकंद लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि 60 सेकंद अनलोडवर, म्हणजे नुसता फिरत राहतो. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 40 टक्के हवा नुसती गळतेय. मग काका साबणाचं पाणी घेऊन होज, कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह एकेक करून तपासतात. शांततेत त्यांना फुसफुस आधी ऐकू येते, बुडबुडे नंतर दिसतात.

इथेच जुनी नोकरी कामी येते. "प्रेशर 8 बारवरून 7 वर आणा" असं रिपोर्टमध्ये लिहिणं सोपं आहे. एका बारला कॉम्प्रेसरची ढोबळमानाने 6-7 टक्के वीज वाचते, हेही खरं. पण ऑपरेटरने प्रेशर हौसेने वाढवलेलं नसतं. लाइनच्या टोकाच्या मशिनला हवा पुरत नव्हती आणि सुपरवायझर ओरडत होता, म्हणून त्याने ते वाढवलं. ती गळती आणि तो अरुंद पाइप तसाच ठेवला, तर आठवड्यात काटा पुन्हा 8 वर. पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा बंद दिसला तरी आम्ही आधी विचारतो, का? बहुतेकदा मोटर ओव्हरलोडने ट्रिप होत असते, म्हणून कुणीतरी तो आवळलेला असतो. तिथे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवून वेग 20 टक्के कमी केला, तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. ऑपरेटरशी बोलल्याशिवाय आमचा एकही रिपोर्ट बाहेर जात नाही.

बिलं वाचणं हाही मोठा भाग. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. प्रत्येकाच्या बिलाची मांडणी वेगळी. 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या नव्हे, तर ओढलेल्या एकूण विजेवर. त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती कामी आली ते प्रमाण, ढासळला की थेट युनिटच वाढतात. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल बंद पडून धूळ खात असेल तर ऑडिटच्या पहिल्याच दिवशी आम्ही ते सांगून टाकतो, रिपोर्टची वाट बघत नाही.

पंप, ड्राइव्ह, एलईडी विकणाऱ्यांकडून आम्ही कमिशन घेत नाही. सुरुवातीला, महिन्याचा पगार निघेल का याची धास्ती असताना, हे जड गेलं. पण सल्ला आणि विक्री एकाच हातात असली की मोजमापावर विश्वास कोण ठेवणार? फीचा शेवटचा हप्ता आम्ही बदलानंतरचं मोजमाप दाखवूनच घेतो.

हल्ली चाळिशीतले इंजिनीअर फोन करतात : ताई, कुठला कोर्स करू? परीक्षा द्याच. पण त्याआधी स्वतःच्या कारखान्याची बारा महिन्यांची बिलं मागून घ्या, आणि एका रविवारी उत्पादन बंद असताना मुख्य मीटरवर सकाळी किती होतं, संध्याकाळी किती झालं, ते लिहून ठेवा. ते आकडे घेऊन या, मग बसून बोलू.