बाथरूममधल्या कुबट वासाचा माग

पावसाळ्यात आमच्या बाथरूमला वास येतो याचं घरात कुणाला विशेष वाटत नव्हतं. मुलुंडला जुलैत कशाला वास येत नाही? टॉवेलला येतो, चपलांच्या कपाटाला येतो, माळ्यावरच्या गोधड्यांना तर येतोच. पण ऑक्टोबरचं ऊन तापलं, गच्चीवर टाकलेल्या गाद्या दुपारभरात कडक वाळल्या, तरी बाथरूम जिथल्या तिथे. दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा भपका. बाहेर सगळं वाळत असताना एकच जागा कुबट राहत असेल, तर त्या जागेला कुठून तरी रोज पाणी मिळतंय, एवढं सरळ आहे. वासाच्या मागे धावण्याऐवजी हे पाणी शोधायचं, असं मी ठरवलं.

आमची बिल्डिंग 80 च्या दशकातली. संडास वेगळा, बाथरूम वेगळं. बाथरूम 6 बाय 4 फूट, एक खिडकी, तीही डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत उघडणारी. सासूबाईंनी आपल्या पद्धतीने डांबराच्या गोळ्या मोरीच्या जाळीवर ठेवल्या होत्या. यजमानांनी मोगऱ्याच्या वासाचं काहीतरी भिंतीला अडकवलं होतं. दोन्ही मिळून जे तयार झालं त्यापेक्षा नुसता कुबट वास बरा. ते सगळं मी आधी काढून टाकलं, कारण सुगंधाच्या आडून मूळ वास कुठून येतोय हे कळतच नाही. शिवाय आपलं नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून वासाची परीक्षा बाहेरून घरात शिरल्या शिरल्या करायची, नाहीतर पाहुण्यांना विचारायचं. आमच्याकडे ते काम नणंदेने न विचारताच केलं होतं.

आता वास कुठला, हे आधी ठरवावं लागतं. बाथरूममध्ये साधारण दोन जातीचे वास असतात. एक गटाराचा: सडक्या अंड्याकडे झुकणारा, येतो तेव्हा झोताने येतो, जातो तेव्हा पूर्ण जातो. तो बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपमधून येतो. जाळीखालच्या त्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं आणि तेच गटारातली हवा अडवून धरतं. मोरी वापरात नसेल तर ते पाणी उडून जातं आणि वाट मोकळी होते. तसं असेल तर बादलीभर पाणी ओतलं की काम झालं. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपचंही तेच. वॉशिंग मशीनचा पाइप बऱ्याच घरांत नुसता भोकात खुपसलेला असतो, त्याच्या भोवतीची फट बघावी.

दुसरा वास कुबट. तो बुरशीचा. बुरशी वाढताना हवेत जी द्रव्यं सोडते त्यांचा तो वास, त्यामुळे काळे डाग कुठे दिसत नसले तरी वास येऊ शकतो. बुरशी लादीच्या मागे असेल, कपाटाच्या पाठीमागे असेल. तो झोताने येत नाही, भरून राहतो. आमचा हा दुसरा होता. ट्रॅपमध्ये पाणी ओतून काही फरक पडला नाही. उलट गणपतीला गावी जाऊन आल्यावर, इतके दिवस बाथरूममध्ये पाण्याचा थेंब पडलेला नसताना, वास जास्तच होता, हे मला तेव्हा आठवलं.

मग बाथरूम रिकामं केलं. सगळं म्हणजे सगळं. पायपुसणं, प्लास्टिकचा पडदा, अंग घासायची जाळी, पाट, बेसिनखालचं प्लायवूडचं कपाट. प्रत्येक वस्तू वेगळी नेऊन गॅलरीत ठेवली आणि संध्याकाळी एकेकीचा वास घेतला. शेजारचे बघत होते, बघू देत. कपाटाची मागची फळी दोषी निघाली. पुढून सनमायका चकचकीत, मागे प्लाय फुगून काळा पडलेला. ते कपाट गेलं. वास निम्म्याने कमी झाला, पण गेला नाही.

आतापर्यंत जे उरलं होतं ते बांधकामात होतं.

भिंतीतली ओल ओळखायची एक सोपी रीत आहे. जाडसर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ. मी हा तुकडा बाथरूमच्या भिंतीच्या मागच्या बाजूला, पॅसेजमध्ये लावला, कारण आत लाद्या होत्या. खालच्या फूटभर पट्ट्यात आतून दव आलं. वर कोरडं. म्हणजे पाणी छतातून नाही, जमिनीतून वर चढत होतं. दाराची लाकडी चौकटही तळाशी बोटाने दाबली की दबत होती.

त्यानंतर उलट्या विळ्याच्या मुठीने लाद्या ठोकून पाहिल्या. लादीखाली माल भरलेला असला की आवाज ठणठणीत येतो, पोकळी असली की बद्द. जाळीच्या भोवतालच्या सगळ्या लाद्या बद्द वाजत होत्या.

आणि मग खाली गेले. आमच्या खालच्या मजल्यावर काकू एकट्या राहतात. “काकू, तुमच्या बाथरूमचं छत जरा बघू का?” म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बघ ना. मी केव्हाची तुला सांगणार होते, पण म्हटलं पावसाळ्याचं असेल.” बॅटरी मारली तर छताचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, मधोमध पांढरा लोणा, म्हणजे ओलीने बाहेर फुटलेला क्षार. अगदी आमच्या जाळीच्या खाली.

पाणी खरंच जमिनीतून झिरपतंय का हे पक्कं करायला प्लंबरदादांनी पाणी उभं करायला सांगितलं. जाळी काढून ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने आणि प्लास्टिकने बंद करायचं, जमिनीवर इंचभर पाणी भरायचं, पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि 24 तास तसंच ठेवायचं. यात माझी एक भर होती: बाजूला एका परातीत तेवढंच पाणी ठेवलं. हवेने उडालेलं पाणी परातीतही कमी होणार, त्यामुळे जमिनीवरचं पाणी त्याहून किती जास्त उतरलं हे कळतं. काकूंची परवानगी आधी घेतली, कारण आमच्या परीक्षेचं पाणी त्यांच्या डोक्यावर पडणार होतं. त्यांनी परवानगी तर दिलीच, वर “आंघोळीला सगळे इकडेच या” म्हणाल्या. परातीतलं पाणी जेमतेम हललं, जमिनीवरची खूण मात्र कोरडी पडली.

जुन्या मुंबईच्या बिल्डिंगांत बाथरूमचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो. तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात आणि त्यावर लाद्या बसवतात. ट्रॅप बिडाचा. बीड आणि सिमेंट यांचा सांधा वर्षानुवर्षांच्या गरम-गार पाण्याने सुटतो. मग रोजच्या आंघोळीचं थोडं पाणी जाळीतून जाण्याऐवजी जाळीच्या कडेने कोब्यात उतरतं आणि तिथेच मुरून राहतं, वर यायला फक्त लाद्यांचे सांधे. साबणाचं, अंगावरच्या मळाचं पाणी. बुरशीला आणखी काय हवं?

खर्च कोणाचा, हा प्रश्न आमच्याकडे निघाला नाही, पण बऱ्याच सोसायट्यांत यावरून वर्षं जातात म्हणून सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्याने. म्हणून डक्टमधले पाइप आधी बघून घ्यावेत. आमच्या डक्टमध्ये कबुतरांखेरीज तक्रारीचं काही नव्हतं. सेक्रेटरींना पत्र दिलं, ठोकाठोकीची वेळ ठरली, डेब्रिज गोणीत भरून आपणच हलवायचं हेही ठरलं.

पहिल्या कंत्राटदाराने संपूर्ण बाथरूम फोडायचा भाव सांगितला. मी नको म्हटलं. भिंतीच्या लाद्या ठणठणीत होत्या, त्या का फोडायच्या? दुसरे मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं आणि फक्त जमीन आणि भिंतीची खालची एक ओळ काढायला तयार झाले. लाद्या निघाल्या तेव्हा कोबा काळा होता, मुठीत दाबला तर पाणी निघेल असा. जो भपका आला त्याने सासूबाई देवघराचं दार लावून बसल्या.

इथे सगळ्यांची घाई होते, कारण घरात बाथरूम एकच. मिस्त्रीही म्हणाले, दोन दिवसांत बंद करून देतो. मी ऐकलं नाही. ओल्या कोब्यावर लादी बसवली तर आपण ती ओल आतच कोंडतो. आम्ही हे काम मुद्दाम दिवाळीनंतर काढलं होतं. त्या दिवसांत मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. कुजलेला कोबा काढून टाकला, उरलेल्यावर टेबलफॅन लावून ठेवला आणि पुन्हा प्लास्टिक चिकटवून आत दव येत नाही याची खात्री होईपर्यंत पुढचं काम सुरू करू दिलं नाही. तोवर सकाळी काकूंच्या दारात आमची रांग. त्या बदल्यात त्यांचा चहा-नाश्ता माझ्याकडे.

पुढे बिडाचा ट्रॅप काढून पीव्हीसीचा बसवला, जमिनीवर आणि भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. लाद्या लावायच्या आधी पुन्हा पाणी उभं केलं, ही गोष्ट सोडू नका. जमिनीचा उतार सगळीकडून जाळीकडे आहे ना, हे गोटी सोडून पाहिलं. लाद्यांच्या सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी एपॉक्सी भरायला लावलं. ते बरंच महाग पडतं आणि मिस्त्री लोकांना आवडत नाही, कारण पटकन घट्ट होतं. पण पांढरं सिमेंट पाणी पितं, एपॉक्सी पीत नाही.

छताच्या कोपऱ्यातली जी काळी बुरशी दिसत होती ती ब्लीचने पुसून आधी पाहिली होती. डाग फिका होतो, रंगाच्या पापुद्र्याखाली बुरशी राहते आणि परत येते. म्हणून तो रंगच खरवडून काढला, तोंडाला फडकं बांधून. ब्लीचबद्दल एक सांगायलाच हवं: संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एका वेळी कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि मुंबईच्या बाथरूमएवढ्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय सगळे सांगतात. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. सोडा नुसता वाटीत ठेवला तर थोडा वास शोषतो, इतकंच.

शेवटचं काम एक्झॉस्ट फॅनचं. आमचा फॅन खिडकीच्याच वरच्या पट्टीत बसवलेला, आणि आम्ही फॅन चालू असताना खिडकीही उघडी ठेवायचो. म्हणजे फॅन डक्टमधली हवा खिडकीतून ओढून परत डक्टमध्येच टाकायचा. खाली जमिनीवरची ओली हवा तिथेच. आता फॅन चालू असताना खिडकी बंद, आणि दाराला खाली दोन बोटं फट. हॉलमधली हवा फटीतून आत येते, ओल्या लादीवरून जाते आणि वर निघते. आमचा गीझर विजेचा आहे म्हणून हे चालतं. गॅसचा गीझर आत असेल तर खिडकी बंद करायची नाही. खरं तर तो गीझर बाथरूमच्या आत असताच कामा नये.

आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मी आरशाजवळ लावलं आहे. आकडा 60 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला वाढणं कठीण जातं. हिवाळ्यात आंघोळीनंतर वायपर मारून तासभर फॅन ठेवला की तो खाली येतो. जुलैत येत नाही, कारण बाहेरच्याच हवेत 80 च्या वर असतो. त्या दिवसांत टॉवेल आणि पायपुसणं बाथरूममध्ये ठेवायचंच नाही, असा नियम केला आहे. तो मुलगा सोडून सगळे पाळतात.

काकूंचं छत आमच्या खर्चाने रंगवून दिलं, पण लगेच नाही. वरचं पाणी थांबल्यावरही त्यांचा स्लॅब सुकायला बराच वेळ लागला. लोणा ब्रशने झाडून काढायचा, काही दिवसांनी परत फुटला तर परत झाडायचा. तो फुटायचा थांबला, मग रंगाऱ्याला बोलावलं. काकूंना रंग पांढराच हवा होता, म्हणजे पुन्हा काही झिरपलं तर लगेच दिसेल.