पंप बंद करायच्या आधीची दहा मिनिटं

चवथीची सुट्टी संपवून लॅबमध्ये आलो, रोटाव्हॅप (कमी दाबाखाली द्रव आटवायचं यंत्र) लावला, त्यातली हवा ओढणारा पंप नेहमीसारखा घरघरतोय पण दाबाचा आकडा १५० मिलिबारच्या खाली जाईचना. दोन स्टेजचा डायफ्रॅम पंप आहे आमचा, लवचीक पडदा हलवून हवा ओढणारा, तेलबिल काही नाही, तब्येत बरी असली की ९-१० पर्यंत आरामात उतरतो.

अशा वेळी आधी पंप एकटा तपासायचा. काचेचं सगळं सोडवलं, दाबाचा गेज तेवढा ठेवला आणि इनलेट (हवा ओढायचं तोंड) बंद केला. कारण निम्म्या वेळा दोष जॉइंटचा नाहीतर कडक झालेल्या नळीचा असतो आणि शिव्या पंप खातो. पण यावेळी एकट्याने पण १५०च. आमचा इलेक्ट्रिशियन भला माणूस, म्हणाला सर, थोडं तेल सोडून बघूया काय? त्याचं तरी काय चुकलं, कोपऱ्यातल्या जुन्या रोटरी पंपाचं तेल बदलता बदलता त्याचे हात काळे झालेत. पण ह्याला तेल घातलं तर रबर फुगेल, आणि तेल नको म्हणून तर हा घेतला.

मोबाईलवर फोटो काढत काढत हेड उघडलं. आत चमचाभर पाणी, आणि त्याला गुलाबी झाक! तिथेच सगळं समजलं. पोरं सुट्टीच्या आदल्या दिवशी भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीचा अर्क आटवत होती, आणि वाफेबरोबर रंग येत नाही, म्हणजे फ्लास्कमधला फेस उसळून कंडेन्सर (वाफ थंड करणारा काचेचा भाग) ओलांडून थेट पंपात गेला, मधे ट्रॅप (असं पाणी अडवणारी बाटली) लावायचा कंटाळा, आणि वर घरी जायची घाई म्हणून काम झाल्या झाल्या बटण बंद. आंबट चिकट पाणी सुट्टीभर आत बसलं आणि व्हॉल्व्हच्या त्या पातळ चकत्या जाग्यावरच चिकटल्या.

इथेनॉलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसल्या, खरवडायचं अजिबात नाही. डायफ्रॅम उजेडात धरून बघितला, चीर नव्हती. तो काढताना खालचे पातळ वॉशर मोजून ठेवायचे हां, एखादा कमी पडला तर पूर्ण व्हॅक्यूम येत नाही, जास्त झाला तर ठकठक आवाज सुरू. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, इनलेट परत बंद केला, ९!

आता ती दहा मिनिटं. पंपात वाफ दाबली जाते तेव्हा तिचं आतच पाणी होतं, म्हणून गॅस बॅलास्ट (पंपावरची हवेची छोटी झडप) उघडा ठेवायचा, थोडी हवा आत येते आणि वाफेला घेऊन बाहेर जाते. त्याने आकडा जरा वर राहतो म्हणून पोरं तो गुपचूप बंद करतात, आकडा खाली दिसला की बरं वाटतं ना! अरे पण बाथ (फ्लास्कखालचं गरम पाणी) ६० अंशांवर असताना इथेनॉलला १७५ मिलिबार पुरतं, पाण्याला ७२, तुम्हाला ९ कशाला हवंय? जास्त ओढलं तर वाफ कंडेन्सरमध्ये थांबतच नाही, आणि उसळतं पण त्यानेच. काम संपलं की फ्लास्क काढून इनलेट उघडा ठेवून पंप तसाच चालू द्यायचा, आत राहिलेलं सगळं निघून जातं. एक्झॉस्टची नळी मात्र फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), सॉल्व्हंट पंपात जिरत नाही, पलीकडून बाहेर येतो.

पावसाळ्यात खोलीतली हवाच ओली, त्यामुळे मी दहाची वीस मिनिटं करतो. वीज मधेच गेली तर परत आल्यावर आधी हवा सोडायची आणि मग बटण, व्हॅक्यूम धरलेला असला तर आमचा पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही.

काल पाच वाजता पोरं कपाट लावून निघाली, मी पंपाशेजारी स्टुलावर बसलो, बाहेर पाऊस धो धो. ५:२० ला बटण बंद केलं आणि फोंड्याची कदंब बस डोळ्यांदेखत गेली.