तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ भरावेत का?

नवीन गाडी बुक झाली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, शोरूमवाले चार-पाच वर्षांचं सर्व्हिस पॅकेज घ्या म्हणतायत. आत्ता एकदाच पैसे भरायचे, मग सर्व्हिसिंगला काही द्यायचं नाही. घेऊ का?" नाशिकच्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होते. ही पॅकेजं मी विकली आहेत, आणि ती घेतलेल्या गाड्यांची जॉब कार्डं, म्हणजे गाडीवर करायच्या कामांच्या याद्या, त्याही लिहिल्या आहेत. फोनवर घाईघाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सगळं नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगते. गाडी नियमित चालणार असेल, पॅकेज गाडी बनवणाऱ्या कंपनीचं असेल आणि त्याची किंमत दर वेळच्या बिलांच्या बेरजेपेक्षा खरोखर कमी असेल, तर जरूर घ्या. यातलं एक जरी नसेल तर पैसे स्वतःच्या खात्यात राहू द्या आणि सर्व्हिसिंगच्या दिवशी भरा.

आता "मग काही द्यायचं नाही" या वाक्याबद्दल, कारण सगळी निराशा तिथूनच सुरू होते. साध्या पॅकेजमध्ये काय असतं? कंपनीच्या वेळापत्रकात लिहिलेली कामं: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ठरलेल्या टप्प्यावर एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, आणि या सगळ्याची लेबर. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर ही झिजणारी मंडळी त्यात नसतात. काही कंपन्या ब्रेक पॅड, वायपर धरून महागडं पॅकेज देतात, पण ते वेगळं मागावं लागतं. मग पॅकेजवाला ग्राहक गाडी घ्यायला येतो आणि त्याच्या हातात बिल पडतंच. व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग, एसीची सफाई, इंजिन डीकार्बनायझिंग, पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग. यातली काही कामं कधीकधी खरंच लागतात. खड्ड्यांच्या रस्त्यांवर अलाइनमेंट बिघडतंच, आणि रत्नागिरी किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडीच्या पोटाला गंजापासून जपावं लागतं. पण ही कामं दर खेपेला बिलावर येतात, कारण ॲडव्हायझरला त्यांचं महिन्याचं टार्गेट असतं. मलाही होतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे काम लिहिलेलं नाही, ते करायला नको म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जॉब कार्डवर सही करण्याआधी ते ओळ न् ओळ वाचा. बिल फुगतं ते याच कामांनी, आणि ती पॅकेजच्या बाहेर असतात.

दुसरा गोंधळ वॉरंटीचा. एक्स्टेंडेड वॉरंटी वेगळी आणि हे वेगळं. गाडीचा एखादा भाग सदोष निघाला, अचानक बंद पडला, तर वॉरंटी. तो खर्च येईल की नाही, कधी येईल, किती येईल, यातलं काहीच आधी कळत नाही, म्हणून तिथे आगाऊ पैसे भरून निर्धास्त होण्याला अर्थ आहे. ऑइल बदलावं लागणार हे मात्र गाडी घेतल्या दिवसापासून माहीत असतं. त्यामुळे सर्व्हिस पॅकेज म्हणजे विमा नव्हे. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवावेत तसा तो व्यवहार आहे: भाव कमी मिळाला पाहिजे आणि भरलेलं सगळं वापरलं गेलं पाहिजे.

भाव कमी आहे का, हे तपासायला तासभर पुरतो. पुस्तिकेतलं सर्व्हिसचं वेळापत्रक उघडा. बहुतेक गाड्यांना दर 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते, असा हिशोब असतो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक सर्व्हिसचा अंदाजे खर्च दिसतो. नाही दिसला तर सेल्सवाल्याला न विचारता वर्कशॉपच्या काउंटरवर जाऊन विचारा. सगळ्या सर्व्हिसची बेरीज करा. त्यात सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसची लेबर धरू नका, ती तुमची आधीच आहे. मारुतीच्या गाड्यांना 1,000, 5,000 आणि 10,000 किलोमीटरच्या सर्व्हिसला लेबर लागत नाही, ऑइल-फिल्टरचे पैसे तेवढे लागतात. पॅकेजचा फायदा दाखवणाऱ्या तक्त्यात ही फुकटची लेबरही बचत म्हणून मांडली असेल, तर तो तक्ता बाजूला ठेवून स्वतःची बेरीज करा. चार-पाच वर्षांचे पैसे आज देऊन जेमतेम शे-पाचशे वाचत असतील तर तो सौदा नाही. तेवढं व्याज मुदत ठेवीतही मिळेल.

"पुढे भाव वाढतील, आज भरलेत तर वाचाल," असंही सांगतात. लेबरचे दर वाढतात, हे खरं आहे. पण सगळंच नेहमी वाढतं असं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. आगाऊ पैसे भरणाऱ्याला असा उतार सहसा मिळत नाही.

आणि कर्जाचं काय? इथे मी कळकळीने सांगते. पॅकेज, ॲक्सेसरीज, विमा, सगळं ऑन-रोड किमतीत घालून कर्जात बसवलं की हप्त्यात जेमतेम चार-पाचशेचा फरक दिसतो, आणि माणूस हो म्हणून जातो. 30,000 रुपयांचं पॅकेज 9.5 टक्के व्याजाच्या 7 वर्षांच्या कर्जात गेलं, तर महिन्याला साधारण 490 रुपये, म्हणजे एकूण 41,000 च्या पुढे. सवलत तिथेच संपली. शिवाय पॅकेजची मुदत संपल्यावरही त्याचे हप्ते चालूच राहणार. कर्जात घालूनच परवडत असेल तर घेऊ नका.

वापर पूर्ण होईल का, हे मात्र माणसागणिक बदलतं. नाशिक-मुंबई सतत ये-जा करणाऱ्याची गाडी वेळेवर सर्व्हिसला येते, त्याचं पॅकेज वाया जात नाही. निवृत्त जोडप्याची गाडी वर्षाला 3,000-4,000 किलोमीटर जेमतेम चालते. ऑइल वेळेनुसार बदलावंच लागतं, पण "गाडी चाललीच कुठे, पुढच्या महिन्यात नेऊ" असं म्हणत तारीख निघून जाते आणि त्या वर्षाची सर्व्हिस बुडते. ब्रेक पॅडसहितचं महाग पॅकेज तर अशांनी घेऊच नये. त्यांचे पॅड त्या मुदतीत झिजणारच नाहीत. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज क्लच-ब्रेक दाबणाऱ्याने मात्र त्याचा विचार जरूर करावा.

मग प्रश्न येतो, पॅकेज कोणाचं? कंपनीचं असेल तर बदली होऊन बंगळुरूला गेलात तरी तिथल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतं. डीलरचं स्वतःचं असेल तर त्याच्याच दारात जावं लागतं, आणि ते दार बंद झालं तर पैसे अडकतात. ही भीती हवेतली नाही. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतात शेवरोले विकणं थांबवलं. आपल्या तळेगावच्या कारखान्यातून निर्यातीसाठी गाड्या निघत राहिल्या, 2020 च्या शेवटी तेही थांबलं. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्यांनी जुन्या ग्राहकांना सर्व्हिस देत राहू असं सांगितलं होतं, पण जवळचा डीलर गेला की गाडी दुसऱ्या गावी न्यावी लागते. म्हणून पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा, आणि तीन गोष्टी कागदावर घ्या: कुठे कुठे चालेल, गाडी विकली तर नव्या मालकाच्या नावावर होईल का, आणि मधेच रद्द केलं तर किती पैसे परत. तोंडी आश्वासन देणारा सेल्समन सहा महिन्यांनी तिथे नसतो. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तेव्हा हाच कागद लागतो.

"बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाईल" या भीतीपोटी पॅकेज घेणारे बरेच. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याचं ते प्रकरण होतं. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. पुढे त्यावर अपिलं झाली. हे माहीत असावं म्हणून सांगितलं, पण वॉरंटीच्या काळात अधिकृत ठिकाणीच जा असंच मी सांगेन. इंजिनचा मोठा क्लेम आला तर प्रत्येक सर्व्हिसची नोंद विचारतात, आणि वाद घालत बसायला गाडीवाल्याकडे वेळ नसतो. फक्त अधिकृत ठिकाणी जायला आगाऊ पैसे भरलेले असण्याची गरज नाही.

शेवटचं घाईबद्दल. "आज घेतलं तरच हा भाव" असं डिलिव्हरीच्या दिवशी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी पॅकेज डिलिव्हरीनंतरही काही काळ घेता येतं. ती मुदत विचारून घ्या आणि पहिली सर्व्हिस करून या. वर्कशॉप कसं आहे, फोन उचलतात का, न सांगितलेलं काम बिलात घालतात का, हे एका फेरीत कळतं. जिथे पुन्हा जावंसं वाटणार नाही, तिथली पाच वर्षं आधीच विकत घेऊन काय करणार?

हल्ली इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचेही फोन येतात. त्यात इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, आणि मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात. उरतो एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, बॅटरीचं कूलंट आणि तपासणी. तुम्हाला सांगितलेल्या पॅकेजमध्ये यातलं काय आणि किती वेळा बदलणार, त्याची यादी आधी मागा. यादी मिळाली की मला पाठवा, आपण मिळून बेरीज करू.